वाड्याच्या चवथीला 50 वर्षं: घुमटाचं शिल्प करायचं तर कसं, कुठं?

मांडावरची

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तो लांबणार आहे, पण मला खरंच मदत हवी आहे.

आमचं गाव फोंडा तालुक्यात. वाड्याच्या सार्वजनिक चवथीला येत्या भाद्रपदात 50 वर्षं पुरी होतात. गोव्यात चवथ म्हणजे आधी घरची, हे इथं कुणाला सांगायला नको. पण तेव्हा आमच्या वाड्यावर भाड्याच्या एकेका खोलीत राहणारी बरीच कुटुंबं होती. त्यांच्याकडे मूर्ती बसवायला जागा नव्हती आणि मूळ घरी जाण्याइतकी रजाही नव्हती. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांचा मिळून एक गणपती बसला. तो आजतागायत बसतो.

सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून कायमचं काहीतरी उभारायचं असं समितीनं ठरवलंय. बैठकीत तीन सूचना आल्या. फायबरचा 21 फुटी गणपती, प्रवेशाची कमान, किंवा घुमट, म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीच्या भांड्याचं चामडं चढवलेलं वाद्य. मी घुमटाच्या बाजूची आहे. पण नुसतं घुमट नको, घुमटावरचा डावा हात हवा, असं मी म्हणाले. बैठकीत ते नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

बाबा आरतीला घुमट वाजवायचे. लहानपणी मी त्यांच्या पाठीशी बसायची, कारण समोर मोठ्या माणसांची गर्दी. त्यामुळं जे समोरच्यांना दिसत नाही तेच मला दिसायचं. उजवा हात चामड्यावर पडतो, लोक तो बघतात. घुमटाच्या मागचं लहान तोंड उघडं असतं आणि त्यावर डावा तळवा उघडझाप करत असतो. तळवा टेकला की आवाज आत कोंडतो, उचलला की तो घुमत बाहेर येतो. ताल उजव्या हातात आहे, पण घुमटाला जो बोलका स्वर आहे तो डाव्या हातात आहे. आरती चढत गेली की बाबांच्या डाव्या मनगटावरची शीर फुगलेली दिसायची.

दुसरी गोष्ट म्हणजे एक जुनी सल. रौप्यमहोत्सवाला समितीनं तिठ्यावर सिमेंटचं घुमट करून घेतलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या मागच्या तोंडाखाली तांबूस ओघळ आला, पान खाऊन कुणी थुंकावं तसा. मग तिथंच बोटभर भेग आणि भेगेत सळी. पोरं दर चवथीला वरून ऑइलपेंट मारायची. ज्या रात्री अर्धं घुमट सुटून रस्त्यात पडलं, त्या रात्री बाबा बॅटरी घेऊन गेले आणि तुकडे वेचून शाळेच्या मागं रचून आले. पायाखाली येऊ नयेत म्हणून. ते तुकडे अजून तिथंच आहेत. पुन्हा तसं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

कुळागर

ताई, मन लावून लिहिलंय. तरी वेगळं मत मांडतो. घुमट गोव्यात बारा महिने वाजतं, शिगम्यात, सुंवारीच्या समूहवादनात, जागराच्या लोकनाट्यात. चवथीचीच अशी वस्तू कोणती? माटोळी. गणपतीच्या डोक्यावर रानातली आणि परसातली फळं टांगायची ही आपली रीत. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरींग, चिबूड, आंबाडे, कवंडळ. आजची मुलं यातली अर्धी ओळखत नाहीत. माटोळीची चौकट धातूत केली, एकेक फळ ओतून टांगलं, तर चवथही दिसेल आणि रानही.

गंज

मी स्थापत्य अभियंता आहे, किनारपट्टीवरच्या दुरुस्तीच्या कामांत आयुष्य गेलं. आधी त्या जुन्या घुमटाविषयी बोलतो, कारण त्यातच नव्याचं उत्तर आहे.

सळीला गंज चढला की मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा तो खातो. आतून फुगतो आणि सिमेंट फोडून बाहेर येतो. तांबूस ओघळ दिसला तेव्हा आतलं काम बिघडून चुकलं होतं. वरून रंग मारून काही होणार नव्हतं, उलट आतली ओल आतच राहिली. त्या वेळी वाळू खाडीची वापरली होती का, हे जुन्या माणसांना विचारा. खाडीच्या वाळूत मीठ असतं आणि मीठ सळीला सोडत नाही. शिवाय शिल्पाला गोलाई आणायची म्हणून सळीवर सिमेंटचा थर पातळ ठेवतात. तुळई, खांब करताना जो नियम पाळतो तो शिल्पात विसरतो.

फायबरविषयीही स्पष्ट बोलतो. फायबर स्वतः गंजत नाही, पण त्याच्या पोटात लोखंडी सांगाडा असतोच. वरचा थर उन्हानं भुकटतो, रंग विटतो, सांध्यातून पाणी शिरतं. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि वाऱ्यात खार. शेजारी मालवणला राजकोटावरचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला, उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हा सगळीकडे गंजाचीच चर्चा होती. उंची वाढली की वारा वाढतो, पाया वाढतो, खर्च वाढतो आणि देखभाल कुणीच करत नाही. 21 फूट हा आकडा आधी सोडा.

पैसे असतील तर गनमेटल. 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5 टक्के, असं ते मिश्रण. मेणाच्या साच्यातून ओततात. आतला आधार 316 प्रतीच्या स्टेनलेसचा मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेत टिकतो. साधं लोखंड तांब्याच्या मिश्रधातूला चिकटून ओलं राहिलं तर लोखंडच आधी खाल्लं जातं, म्हणून दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

आणि एक बारीक गोष्ट. घुमट आडवं धरलेलं दाखवणार असाल तर ते पोकळ भांडं आहे, त्यात पाणी साचणार. सगळ्यात खालच्या जागी भोक ठेवा, नाहीतर पहिल्याच जूनमध्ये डास.

काळी_पाटी

जागेचं कुणी बोललं नाही अजून. तिठा विसरा. सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे उभारायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा. पुतळा माणसाचा नसून वाद्याचा आहे म्हणून सुटका होईल असं समजू नका, त्यात इतर बांधकामांचाही उल्लेख आहे. मी पंचायतीत काम केलंय. लोक आधी चौथरा बांधतात आणि मग कागद शोधतात. तोवर वर्गणी चौथऱ्यात गेलेली असते.

मांड म्हणजे सण-उत्सवाचं पटांगण, त्याची जमीन कुणाची आहे ते बघा. देवस्थानची असेल तर महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, सभेचा ठराव लागेल, कोमुनिदादची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची असेल तर त्यांच्याकडे अर्ज. शाळा सरकारी असेल तर शिक्षण खात्याचं पत्र. वेळ लागतो, आजच सुरुवात करा.

शामेळ

मी सुंवारीत शामेळ, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य, वाजवतो, त्यामुळं माझा मुद्दा तुम्हाला माझ्या नावावरूनच कळेल. घुमट एकटं कधीच नसतं. घुमट, शामेळ आणि कासाळं म्हणजे झांजा, अशी तिघांची जोडणी. एकट्या घुमटाचं शिल्प बघून पुढच्या पिढीला वाटेल की हे एकट्यानं वाजवायचं वाद्य आहे. ताईंच्या वडिलांचा हात मी समजू शकतो, पण त्या हाताला टेका कुणी दिला? कासाळं वाजवणारा पोरगा कुठं गेला?

चामड्याचंही लिहायला हवं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं वापरतात. 2019 मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तोही हा बदल झाल्यावरच. आमच्यातले जुने लोक म्हणतात की आवाज तोच नाही. खरं आहे, बकरीचं कातडं दमट हवेत लवकर सैल पडतं. चवथीच्या पावसात आम्ही आरतीआधी घुमटं चुलीजवळ धरतो आणि बोटानं टिचकी मारून ऐकत राहतो. पण वाद्य थांबलं नाही, ही मोठी गोष्ट आहे. शिल्पाच्या खाली जो मजकूर येईल त्यात हे यावं.

फातर्पेकार

21 फुटी गणपती सुचवणाऱ्यांची बाजू इथं कुणीच घेत नाही, म्हणून मी घेतो. वर्गणी देणारी म्हातारी माणसं देवासाठी देतात, वाद्यासाठी नाही. आमच्या आईला विचारलं तर ती म्हणेल, 50 वर्षं ज्यानं सांभाळलं त्याचीच मूर्ती हवी. ही श्रद्धा आहे. शिल्पकलेच्या गप्पांत तिला बाजूला सारू नका.

मांडावरची

@फातर्पेकार दादा, बरं झालं लिहिलंत. हे बैठकीतही आलं होतं आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता विचार केलाय.

आपला चवथीचा गणपती मातीचा. तो येतो, प्राणप्रतिष्ठा होते, दीड दिवस, पाच दिवस राहतो आणि पाण्यात जातो. त्याचं जाणं हाच सणाचा अर्धा भाग आहे. पोचवून आल्यावर रिकाम्या चौरंगाकडे बघवत नाही, म्हणून तर पुढच्या वर्षाची ओढ लागते. उघड्यावर कायमची मूर्ती बसवली तर तिची रोजची पूजा कोण करणार? पूजा नाही केली तर देव धुळीत उभा. कावळे बसणार, बॅनर बांधले जाणार. आमच्याच वाड्यावर एका भटजीकाकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, जिथं रोज दिवा लावता येत नाही तिथं देव मांडू नये. तुमच्या आईंना हे पटेल असं मला वाटतं. घुमट हा देव नाही, देवापुढं वाजणारं आहे. ते पावसात भिजलं तर कुणाचा अपमान नाही.

@कुळागर, माटोळीचंही मला तेच वाटतं. माटोळी सुकते म्हणून दर वर्षी रानात जावं लागतं. फळं धातूची झाली तर रानात जायचं कारणच गेलं. त्यापेक्षा वाड्यावर माटोळीच्या झाडांचं परस करावं, मी स्वतः त्यात राबेन.

चिखलमाती

मी आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिल्प शिकलो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूचा आबे फारियाचा, संमोहनासाठी गाजलेल्या गोमंतकीय पाद्र्याचा, पुतळा तुम्ही शंभरदा बघितला असेल. 1945 मधला आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांचा, आणि कामत तुमच्याच फोंडा तालुक्यातल्या मडकईचे. पुन्हा जाल तेव्हा चेहऱ्याकडे बघू नका, हात बघा. फारिया पुढं झुकलाय, हात त्या बाईवर पसरलेत, ती मागं कलंडतेय. संमोहन म्हणजे काय हे तिथं पाटी न वाचता कळतं. आपल्याकडचे बहुतेक पुतळे फक्त उभे असतात. हा काहीतरी करतो आहे. म्हणून ताईंचं डाव्या हाताचं म्हणणं मला पहिल्या वाक्यापासून पटलं. वाद्य ठेवलेलं दाखवलं तर ते दुकानातलं भांडं. हात आला की ते वाजायला लागतं.

दुसरी गोष्ट दगडाची. गनमेटल परवडलं नाही तर जांभ्याचा विचार करा. जांभा बारकावा धरत नाही, छिद्राछिद्रांचा दगड आहे, नाकडोळे काढायला जाल तर कोपरे ढासळतात. पण खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होत जातो. सांग्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या सड्यावर बैल, हरणं आणि ते गोल गोल चक्रव्यूह कोरलेत. पावसाळ्यात त्यावर पाणी चढतं, तरी हजारो वर्षं टिकलेत. का? कारण तिथं नुसती खोल, रुंद रेघ आहे. जांभ्यात बारकावा शोधू नये, रेघ शोधावी. बोटं पातळ असतात म्हणून पूर्ण हात जांभ्यात होणार नाही. पण चौथरा जांभ्याचा आणि त्यावर शामेळ, कासाळं वाजवणाऱ्यांच्या आकृती खोल रेघेत कोराव्यात. वर घुमट आणि हात तेवढे धातूत. शामेळवाल्या दादांचाही प्रश्न सुटेल.

उंची कमी ठेवा. मूल उभं राहून मागच्या तोंडावर आपला तळवा ठेवू शकेल इतकी. लोकांचे हात लागले की धातू तेवढ्याच जागी उजळ होत जातो, बाकी काळवंडतो. दहा वर्षांत लोकांनी हात कुठं ठेवला ते शिल्पच दाखवील.

शामेळ

चौथऱ्यावर रेघेत आम्ही असू, तर माझी तक्रार नाही. फक्त शामेळाच्या दोन काठ्या नीट धरलेल्या दाखवा. बोटांत सैल असतात, मुठीत आवळलेल्या नसतात.

सायबिणी

मी मडगावजवळची. आमच्याकडे घुमट मांड्याला, म्हणजे आमच्या कोंकणी गाण्यांना वाजतं, व्हायोलिनबरोबर. लग्नात आजी गायची आणि आजोबा घुमट घेऊन पायरीवर बसायचे. हिंदू घरात ते आरतीचं वाद्य आणि आमच्या घरात मांड्याचं, पण हात तोच. तुमच्या वाड्यावर क्रिस्तांव घरं असतील तर त्यांना बैठकीला बोलवा. वर्गणीसाठी नको, हाताचं माप घ्यायला बोलवा.

गंज

@चिखलमाती, चौथरा जांभ्याचा आणि वर धातू, हे मला अभियंता म्हणून मान्य. एक सूचना: धातूवरून ओघळणारं पाणी जांभ्यावर हिरवट डाग पाडील. पाणी सरळ खाली पडावं म्हणून कडेला नाळ ठेवा. मातीचा नमुना झाला की त्याच्यावर बादलीभर पाणी ओता आणि पाणी कुठून जातं ते बघा. कागदावर कळत नाही ते बादलीत कळतं.

मांडावरची

तीन आठवडे झाले, आता सांगण्यासारखं आहे म्हणून लिहिते.

तिठा रद्द. मांडाच्या कडेला वडाचं पेड आहे, त्याच्या बाजूची जागा देवस्थानची निघाली. महाजनांच्या सभेत अर्ज दिलाय. 21 फूट मागणाऱ्यांपैकी दोघांनी मातीचा नमुना बघून मगच मत देऊ म्हटलं, ते मला पुरेसं आहे. @फातर्पेकार, तुमच्या आईंसारख्याच आमच्या एक काकी आहेत. त्या म्हणाल्या, चवथीत पहिली आरती झाली की शिल्पापुढं एक पणती ठेवायची, बाकी वर्षभर काही नको. ते सगळ्यांना आवडलं. बाबांनी रचलेले जुन्या घुमटाचे तुकडे पायात भरायचेही ठरलंय. सळ्या काढून टाकून, फक्त सिमेंट. @गंज दादा, हे चालेल ना? खाडीची वाळू होती, जुन्या खजिनदारांनी कबूल केलं. नदीची परवडली नव्हती.

नमुना डिचोलीहून आणलेल्या मातीत शाळेच्या व्हरांड्यात चाललाय, जिथं पहिला गणपती बसला होता तिथंच. मूर्तिकार तरुण आहेत, बाबांचा फोटो बघून त्यांनी हात केला. छान झाला होता. मग वाड्यावरचे सगळ्यात जुने घुमटवाले आजोबा काठी टेकत आले. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःचा डावा तळवा त्या मातीच्या तोंडावर ठेवला आणि म्हणाले, "आंगठो चुकला गो. तो भितर वचना, भायर रावता."

फोटोत अंगठा दिसत नव्हता, बोटांच्या मागं होता. मूर्तिकारानं अंदाजानं तो आत वळवला होता. आजोबांनी दाखवलं, पूर्ण तळवा कधी टेकत नाही. मनगटाकडची कड टेकलेली राहते, बोटं उघडतात-मिटतात आणि अंगठा बाहेरच्या काठावर तोल धरून असतो. मी बाबांच्या मागं इतकी वर्षं बसले, पण मला हे सांगता आलं नसतं. त्यांचा हात मातीवर होता तेवढ्यात मूर्तिकारानं चारी बाजूंनी मापं घेतली. आजोबांचा तळवा काढल्यावर ओल्या मातीत त्यांच्या मनगटाची रेघ उमटलेली राहिली. ती पुसू नका, असं मी सांगितलंय.

@सायबिणी, खालच्या वाड्यावरचे मांड्याला घुमट वाजवणारे एक काका रविवारी येतायत. त्यांचा अंगठा कुठं राहतो तेही बघू. तोवर नमुना ओल्या गोणपाटाखाली आहे. या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवायची पाळी माझी.